ईथनची ताटली

लग्नघर आहे. रात्रीची जेवणं आटोपली आहेत आणि स्वयंपाकघरात पाहुण्यांची दाटी झाली आहे. नवरीचे वडील आणि होणारा जावई यांच्यात पैज लागली आहे: ठरलेल्या वेळात डिशवॉशरमध्ये जास्त भांडी कोण रचून दाखवतो? घड्याळ लावलं जातं, बघे आरडाओरडा करून दोघांना चढवतात. सासरेबुवा बाह्या सरसावून पुढे होतात. पेले कुठे, वाडगे कुठे, ताटं कोणत्या कलाने, याचं त्यांचं स्वतःचं शास्त्र आहे. ते जिंकत आलेत. अजून भांडी द्या म्हणून हात मागे करतात. धाकटी मुलगी हाताशी असलेला ताटल्यांचा ढीग उचलून त्यांच्या हातात देते. त्या ढिगात एक लहान मुलाची ताटली आहे.

वडील थांबतात. ताटलीकडे बघत राहतात. गलका विरत जातो. कुणीही काही बोलत नाही, आणि ते तिथून निघून जातात.

ती ताटली ईथनची. ईथन हा त्यांचा सगळ्यात धाकटा. तो आता नाही. ज्या मुलीने तो ढीग उचलून दिला, तिच्याच हातून तो गेला.

‘रेचल गेटिंग मॅरीड’ हा जोनाथन डेमी यांचा २००८ सालचा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा या जागी थांबवला होता. पुढे बघवेना. त्यानंतर अनेकदा पाहिला. व्यसनावरचे चित्रपट खूप आहेत, घरातल्या मृत्यूवरचेही खूप. पण व्यसन सुटलेला माणूस घरी परततो आणि घर मात्र अजून त्या जुन्या दिवशीच थांबलेलं असतं, हे इतक्या जवळून दाखवणारा दुसरा चित्रपट मला माहीत नाही. या लेखात त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहायचं आहे.

पटकथा जेनी ल्युमेट यांची. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’वाले दिग्दर्शक सिडनी ल्युमेट यांची ही मुलगी. डिशवॉशरची पैज तिने लहानपणी स्वतःच्या घरात पाहिली होती. तिचे वडील आणि ‘कॅबरे’चे दिग्दर्शक बॉब फॉसी यांच्यात भांडी रचण्यावरून अशीच चुरस झाली होती. खऱ्या घरातला तो प्रसंग निव्वळ मौजेचा. जेनीने त्या ढिगात एक ताटली सरकवली आणि मौजेचा सगळा अर्थच पालटला. ज्या घरात मूल गेलं आहे तिथे असंच होतं. कपाट आवरताना, माळ्यावरचं काही काढताना, दिवाळीचा फराळ डब्यात भरताना कधी काय हाताला लागेल, याचा नेम नसतो.

गोष्ट थोड्या दिवसांची आहे. किम (ॲन हॅथवे) व्यसनमुक्ती केंद्रातून बहिणीच्या लग्नापुरती घरी येते. बहीण रेचल (रोझमेरी डेविट) मानसशास्त्रात पीएचडी करते आहे. वडील पॉल (बिल अर्विन) यांनी दुसरं लग्न केलंय, आई ॲबी (डेब्रा विंगर) वेगळी राहते, तिचाही दुसरा संसार आहे. मूल गेल्यावर आईबाप एका छपराखाली राहू शकले नाहीत, हे कुणी सांगत नाही. आपणच ते समजून घ्यायचं. चित्रपट संपतो तेव्हा लग्न लागलेलं असतं आणि किम पुन्हा केंद्रात निघालेली असते. घटना म्हणाव्या तर एवढ्याच.

२००७ साली कनेटिकट राज्यातल्या स्टॅमफर्ड शहरात अवघ्या ३३ दिवसांत चित्रीकरण झालं. छायाचित्रकार डेक्लन क्विन. हे नाव आपल्याकडच्या प्रेक्षकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण २००१ च्या मीरा नायर यांच्या ‘मॉन्सून वेडिंग’चे छायाचित्रकारही तेच होते. तिथेही लग्नघर, तिथेही कॅमेरा हातात धरलेला, आणि तिथेही मांडवाखालीच घरातली झाकलेली गोष्ट उघडी पडते. दिल्लीच्या त्या घरात कॅमेरा जसा आत्या-काकूंच्या गर्दीतून वाट काढत फिरला होता, तसाच तो इथे फिरतो. कॅमेरा कुठून कुणावर वळेल हे नटांना ठाऊक नसे. त्यामुळे पडद्यावर लग्नाच्या घरगुती व्हिडिओचा भास होतो, आणि आपण कुणाच्या तरी घरी न बोलावता आलोय असं वाटत राहतं.

पार्श्वसंगीत नाही. जे वाजतं ते घरात जमलेले वादक वाजवतात. ओसरीवर, बागेत, जिन्यापाशी कुणी ना कुणी व्हायोलिन घेऊन बसलेलं. आतल्या खोलीत मायलेकी, बापलेकी एकमेकांना ओरबाडत असतात आणि बाहेर सूर चालूच राहतो. लग्नघर थांबत नाही, हे आपल्याला सांगायला नको. सनई चालू असते, आणि कोठीच्या खोलीत तोंडात पदर घेऊन कुणीतरी रडत असतं.

या अमेरिकन लग्नात मुली साड्या नेसतात. केकवर हत्ती आहे. घरात कुणीही भारतीय नाही, तरी लग्न ‘भारतीय’ पद्धतीचं करायचं ठरलंय. मला आधी ते हौशी वाटलं होतं. नंतर कळलं की पटकथेचं मूळ नावच ‘डान्सिंग विथ शिवा’ होतं. आणि मग लग्नाआधीच्या मेजवानीत किम शुभेच्छा द्यायला उठते तो प्रसंग वेगळा दिसू लागला. ती स्वतःची ओळखच संहारकर्ता शिव अशी करून देते. पाहुणे चुळबुळतात.

किमला शिवाचं एकच काम माहीत आहे, संहाराचं. घरातले आपल्याकडे ज्या नजरेने बघतात, तिलाच तिने देवाचं नाव दिलंय. आपल्याला मात्र आणखी एक गोष्ट माहीत असते. समुद्रमंथनातलं हलाहल त्याने गिळलं नाही आणि ओकूनही टाकलं नाही, कंठात धरलं. व्यसनातून सुटलेल्या माणसाला, आणि मूल गमावलेल्या घरालाही, रोज हेच करावं लागतं. जेनी ल्युमेटच्या मनात हे होतं की नाही, त्यावर माझा दावा नाही. मराठी माणूस म्हणून बघताना मला ते दिसलं.

दुसरीही एक गोष्ट दिसली. आपल्या लग्नात नवरीच्या भावाला कामं असतात. लाजाहोमाला बहिणीच्या ओंजळीत लाह्या तो घालतो, कानपिळीला नवरदेवाचा कान तो पिळतो. भाऊ नसेल तर चुलत-मामेभावाला उभं करतात, आणि नेमक्या त्या क्षणी नवरीची आई दुसरीकडे बघते. रेचलच्या लग्नात असा विधी नाही. पण ईथन असता तर आज कुठे उभा असता, हे शोधणाऱ्या नजरा पडद्यावर सतत दिसतात.

आता त्या दिवसाविषयी. किम सायकल दामटत व्यसनमुक्तांच्या सभेला जाते. खुर्च्या मांडलेला साधा हॉल. अशा सभांचं मूळ १९३५ सालातलं. ओहायोतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद भेटले. दोघेही दारूचे व्यसनी. एका दारुड्याचं दुसऱ्या दारुड्यानेच ऐकावं, एवढ्या एका युक्तीवर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. तिथे सल्ला नसतो, शेअरिंग असतं. आपल्या गावांतही अशा सभा चालतात आणि ‘फक्त आजचा दिवस’ हे शब्द तिथल्या प्रत्येकाच्या तोंडी असतात.

अशाच एका सभेत किम ती हकीकत सांगते. ती १६ वर्षांची होती, पर्कोसेटच्या गोळ्या घेऊन तर्र होती, आणि धाकट्या भावाला सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. दोघं बागेत गेली. लाल मोजे घातलेला ईथन पाचोळ्यात पळत होता. परत येताना पुलावर गाडीचा ताबा सुटला, गाडी तळ्यात गेली, आणि सीटच्या पट्ट्यात अडकलेल्या ईथनला तिला बाहेर काढता आलं नाही. हॅथवे हे जवळजवळ सपाट आवाजात सांगते. हुंदका नाही. आपला आवाज चढला तर तो सहानुभूती मागेल, आणि ती मागायचा हक्क आपल्याला नाही, असं किमला वाटतं. तिला स्वतःला माफ करायचंच नाहीये. या भूमिकेसाठी हॅथवेला ऑस्करचं नामांकन मिळालं. मिळालं नसतं तरी या एका प्रसंगासाठी मी तिला मोठी नटी म्हटलं असतं.

या कबुलीच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेवून बघावा. पार्लरमध्ये किमबरोबर उपचार घेतलेला एक माणूस भेटतो आणि रेचलच्या देखत तिचे आभार मानतो. तू सांगितलेल्या तुझ्या लहानपणीच्या अत्याचाराच्या गोष्टीने मला बळ दिलं, म्हणतो. तसं काहीच घडलेलं नसतं. किमने ती गोष्ट रचली होती. रेचल संतापून निघून जाते, आणि तिचा संताप रास्त आहे. पण किम खोटं का बोलली? आपल्यावर अन्याय झाला असं सांगणाऱ्याला जग जवळ घेतं. आपल्या हातून मूल गेलं असं सांगणाऱ्याला कोण जवळ घेणार? व्यसनी माणसाच्या थापांना आपण लबाडी म्हणतो. त्यातल्या काही थापा दुसरं दुःख उसनं घेण्यासाठी असतात, कारण स्वतःचं पेलत नसतं.

मेजवानीतल्या त्या शुभेच्छांमागे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा बारा पायऱ्यांचा कार्यक्रम आहे. आपण ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची ही आठवी पायरी, आणि शक्य तिथे प्रत्यक्ष भेटून भरपाई करायची ही नववी. मात्र तसं केल्याने त्यांना किंवा इतरांना इजा होणार असेल तर थांबायचं, असंही नवव्या पायरीत स्पष्ट म्हटलंय. किमकडून हे शेवटचं कलम निसटतं. बहिणीच्या मेजवानीत, सासरच्या मंडळींसमोर, ती माफी मागत सुटते. मनापासून मागते. पण ती माफी रेचलच्या आनंदाच्या ताटात पडते. नंतर रेचल तिला विचारते त्याचा आशय असा की प्रत्येक गोष्ट तुझीच का व्हायला हवी? मधेच रेचल आपण गरोदर असल्याचं सांगते आणि सगळे तिच्याभोवती गोळा होतात. किमला हा डाव वाटतो. दोघी बरोबर आहेत आणि दोघी चुकताहेत. व्यसनी मुलाचं घर त्याच्याभोवतीच फिरतं, हे ज्यांच्या घरात घडलंय त्या थोरल्या भावंडांना विचारावं. पहिला नंबर आला, नोकरी लागली, लग्न ठरलं, तरी आईबापांचं अर्धं लक्ष दाराकडे असतं.

आपल्याकडे याच दुखण्यावरचं मोठं नाटक गडकऱ्यांनी लिहून ठेवलंय. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले. त्याच वर्षी ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं, आणि बालगंधर्व त्यातल्या सुधाकरची बायको सिंधू झाले. तिथेही नशेत सुधाकरच्या हातून स्वतःचं मूल जातं. सुधाकर भानावर येतो तेव्हा सिंधूही मरणपंथाला लागलेली असते, आणि सुधाकर स्वतःच्या प्याल्यात विष घालून संपतो. शंभर वर्षं या शेवटाने मराठी प्रेक्षकाला हलवलं आहे. पण त्या शेवटात एक सुटका आहे. सिंधू गेली, सुधाकर गेला, नाटक मिटलं. ‘रेचल गेटिंग मॅरीड’मध्ये सुधाकर जिवंत राहतो. इतकंच नाही, तो दारू सोडतो आणि लग्नाला घरी येतो. मग? त्याच्या ताटात वाढायचं कुणी? त्याच्याशेजारी बसायचं कुणी? पोटात मूल असलेल्या बहिणीने उद्या ते मूल त्याच्या हातात द्यायचं का? गडकऱ्यांचं नाटक जिथे पडदा पाडतं, तिथून डेमींचा चित्रपट सुरू होतो. व्यसनावर लिहिणाऱ्या मराठी लेखकांनी आता या पुढच्या अंकाकडे वळावं असं मला फार वाटतं.

किमने घेतलेली पर्कोसेट म्हणजे ऑक्सिकोडोन हे अफूच्या कुळातलं वेदनाशामक आणि पॅरासिटामॉल यांचं मिश्रण, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं. ऑक्सिकोडोनचीच दुसरी गोळी, ऑक्सिकॉन्टिन, १९९६ मध्ये बाजारात आणणाऱ्या पर्ड्यू फार्मा या कंपनीचं मुख्यालय स्टॅमफर्डमध्येच होतं. मे २००७ मध्ये पर्ड्यूच्या गटातल्या कंपनीने आणि तिच्या तीन वरिष्ठांनी, गोळीच्या व्यसनाच्या धोक्याबाबत दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला आणि ६० कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरली. त्याच वर्षी त्याच शहरात हा चित्रपट घडत होता. किमची गोळी त्या कंपनीची नव्हे, आणि चित्रपटात याचा उल्लेखही नाही. पण पुढे २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने दर वर्षी १ लाखाहून जास्त माणसं गेली. तेवढ्या घरांत आता एखादी ताटली, एखादा शर्ट, एखादी सायकल पडून आहे.

चित्रपटातला सगळ्यात जड प्रसंग आईचा. किम रात्री आईच्या घरी जाते आणि इतकी वर्षं घरात कुणीच न विचारलेला प्रश्न विचारते. मी कशी होते ते तुला माहीत होतं, मग त्याला माझ्याकडे का सोपवलंस? आई सांगते की त्याच्याबरोबर असताना तू सगळ्यात चांगली असायचीस. हे उत्तर खरं असावं, म्हणूनच ते सोसवत नाही. बोलणं वाढतं, आई मुलीच्या तोंडावर मारते, आणि मुलगीही उलटून मारते. डेब्रा विंगरच्या चेहऱ्यावर त्या क्षणी रागाहून भीती जास्त दिसते. मुलगी गुन्हेगार आहे तोवर आई सुरक्षित होती. आता अपराधाचा एक तुकडा तिच्याही पदरात पडलाय. लग्न लागल्यावर रेचल या दोघींना एका मिठीत बांधायची धडपड करते, पण आई निघून जाते. त्या आईला मी दोष देऊ शकत नाही. काही माणसांना शोकाकडे पाठ करूनच चालता येतं.

त्या रात्री किम गाडी रस्त्यावरून रानात घालते, एका मोठ्या दगडावर आदळते आणि रात्रभर त्या मोडक्या गाडीतच राहते. सकाळी पोलीस तपासतात. नशा केलेली नसते. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. एवढ्या रात्रीतही तिचा पाय पुन्हा नशेकडे घसरलेला नाही. लग्नाच्या दिवशी सुजलेल्या चेहऱ्याने ती रेचलच्या दारात उभी राहते. रेचल एकही प्रश्न विचारत नाही, तिला आंघोळ घालते. किमच्या दंडावर ईथनचं नाव गोंदलेलं आहे. थोरली बहीण धाकटीला साबण लावते, पाणी घालते. बाळंतिणीला घालावं तसं, किंवा शेवटचं घालावं तसं. माझ्या मते मेजवानीत मागितलेली माफी मिळते ती इथे, आणि दोघींपैकी कुणीही तो शब्द उच्चारत नाही.

पॉल या बापाने मला माझ्या मामीची आठवण करून दिली. तो सारखा मुलीला विचारतो, काही खाल्लंस का, करून देऊ का. गाडीच्या किल्लीचा विषय निघाला की त्याची जीभ अडखळते. माझ्या मामाने दारू सोडली त्याला सहा वर्षं झाली होती. चहाचा कप हातात देताना मामी अजूनही किंचित पुढे वाकायची. वास घ्यायला. तिला स्वतःला ते कळतही नसावं. मामाला कळायचं. तो कप घ्यायचा आणि एक मोठा श्वास बाहेर सोडायचा, तिला सोपं जावं म्हणून. घरात आम्ही सगळे मामा सुटला म्हणून पेढे वाटून मोकळे झालो होतो. मामीची सुटका व्हायची राहिली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

पुण्यात हे ध्यानात आलेली माणसं होती. गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यावरचं अनिल अवचटांचं लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, मदतीला उभे राहिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. सुनंदा अवचट यांनी ते घडवलं. तिथे दाखल झालेला माणूस रुग्णमित्र असतो, आणि त्याच्या बायकोसाठीही ‘सहचरी’ हा गट असतो. तिच्यावरही काही गुदरलंय, तिलाही बोलायला जागा हवी, हे त्यामागे आहे. अमेरिकेत बिल विल्सनची पत्नी लोइस हिने हेच ओळखलं होतं. तिच्या पुढाकाराने १९५१ मध्ये घरच्यांसाठी अल-ॲनॉन सुरू झालं. नवरा सुटल्यावर आपला राग का वाढतोय, हा तिचा स्वतःचा अनुभव होता.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीनुसार (अहवाल २०१९ चा) देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि दारूवर अवलंबून झालेल्या ३८ जणांतल्या एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. त्यांच्या घरच्यांपैकी किती जणांना मिळतो, याचा त्यात आकडा नाही.

चित्रपटाच्या शेवटच्या सकाळी किमला न्यायला गाडी येते. रेचल धावत बाहेर येते, बहिणीला कवटाळते, आणि किम जाते. मग रेचल घरामागे एकटी बसते. वादक अजून काही वाजवताहेत. कुणाचं काही मिटलेलं नाही. मिटल्याचं नाटक मात्र आता कुणी करत नाही.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर तो तयार होईल, सुटेल, परत येईल, याची वाट पाहत बसू नका. घरच्यांच्या सभेला तुम्ही आधी जा. तिथे आडनाव विचारत नाहीत आणि फी घेत नाहीत.